चोचीत मावणारी नदी

एका जंगलात एक नदी होती. डोंगरावरून उतरायची, त्यामुळे कायम घाईत. वर तिच्या पात्रात हत्तीएवढे धोंडे, मध्यावर सुपारीएवढे गोटे आणि खाली सपाटीला मऊ वाळू. जे ओढवेल ते ती पुढे न्यायची, जे ओढवेना ते वरच ठेवायची. मुलांनो, नदी इतकी समजूतदार असल्यावर सरकारला चैन कशी पडेल?

वरच्या अंगाला एका थोराड धोंड्याखाली चिमटूबाई खेकडीण राहायची. पुरात शेजाऱ्यापाजाऱ्यांची घरं गोट्यांसकट वाहून जायची. चिमटूबाईचा धोंडा मात्र जागचा हलायचा नाही. तिची पिल्लं त्याच्याच भरवशावर वाढत होती.

एके दिवशी वनराजांना नदीत सूर मारायची हुक्की आली. तळाला कुठं काय टोचेल, याची पाहणी श्वेतांबरराव बगळे यांच्यावर सोपवली गेली. एका पायावर उभं राहून विचार करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

बगळेसाहेबांची पद्धत शास्त्रशुद्ध होती. डोळे मिटायचे, चोच पाण्यात घालायची, येईल तो दगड उचलून मोजायचा. वाळू चोचीतून गळून जायची, म्हणून ती मोजली नाही. धोंडा चोचीत यायचा नाही, म्हणून तोही मोजला नाही.

आमचा धोंडा राहिला, असं चिमटूबाईनं अदबीनं सांगून पाहिलं.

"चोचीत मावत नाही तो दगड नव्हे, बाई," साहेब म्हणाले. "तो देखावा."

अहवाल दरबारात वाचला गेला. उगमापासून समुद्रापर्यंत नदीत सगळे दगड सुपारीएवढेच. ही शिस्त ऐकून वनराजांचा ऊर भरून आला. त्यांनी अहवालाखाली पंजा उठवला आणि तडक जाऊन चिमटूबाईच्या दारातच सूर मारला.

आवाज पार खालच्या वाळूपर्यंत गेला म्हणतात.

कपाळावर हे भलंमोठं टेंगूळ घेऊन वनराज वर आले. धोंडा दरीत ढकलायचा हुकूम सुटला. गजाभाऊ हत्ती सोंड सरसावून हजर झाले. पिल्लांना पोटाशी धरून चिमटूबाई बाहेर आली.

"ढकला की, गजाभाऊ. पण उद्या कोणी विचारलं तर काय ढकललं म्हणून सांगाल? इथं सुपारीहून मोठा दगड नाही, यावर खुद्द महाराजांचा पंजा आहे."

गजाभाऊंची निवृत्ती जवळ आली होती. नसलेला दगड ढकलला म्हणून चौकशी लागली तर? त्यांनी सोंड मागं घेतली आणि सोंडेनंच कान खाजवला.

"मग हे टेंगूळ कशाचं?" वनराज गुरगुरले.

मोजणीसाठी बगळेसाहेबांना बोलावलं. त्यांनी डोळे मिटले, चोच उघडली आणि टेंगूळ धरून पाहिलं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. दर चिमट्याला वनराज कळवळत होते. शेवटी साहेब वाकून मागं सरले.

"महाराज, टेंगूळ नाही."

दरबारानं टाळ्या वाजवल्या. वनराजांचा एक पंजा कपाळावर होता, म्हणून त्यांनी दुसऱ्यानं मांडीवर थाप मारली. चिमटूबाई पिल्लांना घेऊन घरात शिरली.

त्या वर्षी मोठा पूर आला. मोजलेले सगळे दगड वाहून गेले. न मोजलेला तेवढा राहिला.

तात्पर्य: सरकारी मोजमापात बसायची धडपड करू नये, मुलांनो. घर करावं ते चोचीत न मावणाऱ्या दगडाखाली. आणि टेंगूळ आलंच, तर आधी अहवाल वाचावा, मगच दुखू द्यावं.