टाचायचा राहिलेला तारा

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस कारकुनाला संध्याकाळी पाच वाजता, ऑफिसात आठवला. म्हणजे मरणच.

वेधशाळेत त्याचं काम एवढंच. यादी करणाऱ्या प्रत्येकाने ताऱ्यांना आपापली क्रमांकवजा नावं ठेवलेली. एकाच ताऱ्याला पाच-पाच. कुठली नावं एकाची, ते जुळवून कागद एकत्र टाचायचे. न टाचलेल्या कागदांचा गठ्ठा वर्षभर टेबलावर तसाच होता. (काम करणाऱ्याच्याच टेबलावर काम साठतं, असं त्याचं मत.) त्याने वरचा कागद उचलला, त्यावरचा लांबलचक क्रमांक सुवाच्य अक्षरात लिहून फ्रेम केला आणि घरी जाऊन म्हणाला, "हा तारा आजपासून तुझा."

बायको इतकी हरखली, की पुढच्या महिन्यात मेहुणीच्या वाढदिवसाला त्याने गठ्ठ्यातला त्याखालचा कागद उचलला.

रविवारी मेहुणी आणि साडू चहाला आले. साडू विज्ञानाचा मास्तर. त्याने फोनवर आकाशाचा नकाशा काढून भिंतीवरच्या फ्रेममधला क्रमांक घातला, मग आपल्या बायकोचा.

"दादा, हे दोन्ही एकाच ठिपक्यावर जातायत."

बायकोने कप खाली ठेवला. "माझा तारा हिला दिलात?"

"भावोजी, म्हणजे मला वापरलेला तारा दिलात?" मेहुणी म्हणाली.

"लहानपणापासून हेच! माझे फ्रॉक हिला, माझी कंपासपेटी हिला!"

"तुझे जुने फ्रॉक मी हौसेने घालत नव्हते, ताई!"

चहा तसाच गार झाला. दोघींचा रोजचा तासभराचा फोन बंद पडला. बायको घरात नुसती भांडी आपटायची, बोलायची नाही. कारकुनाला ते बोलण्यापेक्षा जड गेलं. शेवटी त्याने गठ्ठाच उपसायला घेतला. नवव्या दिवशी त्याच ताऱ्याचा तिसरा कागद हाती लागला. तो वाचून अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो घरी पळाला आणि मेहुणीलाही बोलावून घेतलं.

"तो एक नाहीच!" तो धापा टाकत म्हणाला. "जोडतारा आहे. मोठ्या दुर्बिणीतून दोन दिसतात! एक तुझा, एक हिचा. आणि जन्मभर एकमेकांभोवती फिरणारे!"

मेहुणीचे डोळे पाणावले. बायकोने नाक पुसलं. दोघींनी नऊ दिवसांत पहिल्यांदाच एकमेकींकडे पाहिलं. कारकुनाची छाती फुगली.

"आणि त्यातला मोठा कोणाचा?" दोघींनी एकदमच विचारलं.