निजते संगणक जागे जाहले त्याची बखर

श्रीविघ्नहर्ता समर्थ, आणि त्याचे कृपेने वीज अखंड असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, चैत्र शुद्ध पंचमी, ते दिवशी हा प्रकार आरंभिला. धन्यांनी पुसिले की, राज्य भरभराटीस आले असता कार्य कैसे बुडाले, ते खरे सांगणे. ऐसियास पाहिले तैसे लिहिले आहे. गोड लागणार नाही, तरी रागे न भरावे.

कोणे एके नगरी संगणकांचे एक लहानसे राज्य होते. त्यास ना किल्ला, ना खजिना. रिवाज ऐसा की, सभासदाने आपले काम उरकून उठावे आणि संगणक चालूच ठेवावा, मग धनी उठून गेला की त्या रिकाम्या संगणकाने दूरदेशीच्या शोधगृहाची गणिते इंटरनेटावरून आणून सोडवावी, आणि धन्याने पुन्हा हात लाविताच गणित थांबवून त्याची चाकरी करावी. मोबदला म्हणाल तर काही नाही. हे राज्य त्र्यंबकराव केळुसकर यांनी स्थापिले. राव टेलिफोन खात्यातून निवृत्त, बोलणे तिखट, हट्ट दांडगा. त्यांचे कुटुंब सुशीलाबाई, त्यांस कंपवात जडला आणि आमटीची वाटी ताटापर्यंत पोचेनाशी जाहली, आणि वैद्यांनी हात टेकिले, तेव्हा रावांनी ऐसे शोधगृह हुडकिले की जेथे कंपवाताच्या औषधाची गणिते मांडिली होती, आणि दोस्तमंडळींचे संगणक त्या कामी जुंपिले. रावांस दुसरी आशा नव्हती.

तो चैत्रात शोधगृहाकडून निरोप आला की, गणिते फार आणि यंत्रे थोडी, दिवाळीपर्यंत काम न वाढल्यास कंपवाताचे प्रकरण बंद करू. राव हबकले आणि मसलत बसली. या राज्याचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष दिनकरराव पोतनीस, सभेत मिरवण्याची बहुत हौस, ते बोलिले, "त्र्यंबकराव, आपलं संकेतस्थळ बघितलंत का? काळ्यावर पिवळी अक्षरं. माणूस येतो, बघतो आणि पळतो. सभासद कुठून मिळणार?" ते संकेतस्थळ रावांनी स्वहस्ते रचिले होते, म्हणून झोंबले, परंतु गरजवंतास अक्कल नसते तैसा अभिमानही नसतो. मग संकेतस्थळे सजविण्यात निष्णात केतकी सबनीस यांस पाचारण केले. त्यांनी पुसिले, "काका, नव्या माणसाने इथे येऊन करायचं काय?" राव वदले, "काही नाही. उठून जायचं. तेच तर काम आहे." केतकीबाई म्हणाल्या, "मग तो येईलच कशाला?"

तेव्हा केतकीबाईंनी युक्ती काढिली की, संकेतस्थळावर दरबार भरवावा, सभासदाने कळ दाबून मुजरा करावा, मुजरे वाढतील तैसे पद वाढावे, शिलेदार, सरदार, सेनापती, आणि थांबेल त्याचे पद घसरावे. दिनकरराव खूष जाहले. रावांनी वरी आपली मेख मारिली, "फोनवरून मुजरा नको, नाहीतर नुसते टवाळ भरतील. ज्याचा संगणक नोंदलाय त्याने त्याच संगणकावरून करावा." सर्वांनी माना डोलाविल्या. यंत्र मोकळे राहील तरच गणित चालेल, हे राज्याचे पहिले सूत्र, परंतु ते स्थापणाराच विसरला, मग इतरांस काय बोल लावावा.

नवे संकेतस्थळ उघडिले आणि माणसांचा लोंढा आला. वर्तमानपत्री छायाचित्रे जाहली, दिनकररावांचे सत्कार जाहले, आणि सभासद सकाळी बसले की मुजऱ्यावर मुजरा करीत, आणि हीच चाकरी ऐसे समजोन उठताना संगणक बंद करून जात. खासे रावही त्यात सापडले. संस्थापकाने मागे कैसे राहावे, ऐसे म्हणोन तेही दिवसभर कळ दाबीत. सुशीलाबाई म्हणाल्या, "अहो, पान वाढलंय." राव म्हणाले, "थांब गं, तो नाशिकचा दंतवैद्य मला मागे टाकतोय." मग बाई दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "पूर्वी तुम्ही उठलात की ह्याचा पंखा घरघरायचा. मला बरं वाटायचं, काहीतरी चाललंय म्हणून. हल्ली ऐकू येत नाही." राव मान न वळविता म्हणाले, "नवं संकेतस्थळ हलकं आहे, म्हणून." हे उत्तर ऐकोन लिहिणाराचे चित्त आजही जळते.

दिवाळी जाहली आणि शोधगृहाचा निरोप आला की, आपले सभासद कैक पटींनी वाढले, अभिनंदन, परंतु काम पूर्वीच्या चतुर्थांशही आले नाही, सबब कंपवाताचे प्रकरण बंद केले आहे. तेव्हा रावांचे डोळे उघडले. धावत दिनकररावांकडे गेले आणि म्हणाले, "आज्जच्या आज्ज मुजरा काढा. लोक उठले पाहिजेत. मी शोधगृहवाल्यांच्या हातापाया पडतो, पुन्हा सुरू करतील." दिनकरराव शांतपणे बोलिले, "अहो, मुजरा काढला तर लोक राहतील का? आत्ता कुठे मंडळाला दिवस आलेत." मग सभा भरविली आणि ठराव जाहला की, गणितांमुळे नव्या सभासदांचा गोंधळ होतो, सबब गणिते काढावी आणि मुजरा ठेवावा. राव एकटे विरुद्ध. ठरावाउपरि त्यांस शाल देऊन महासेनापती केले, आणि ती शाल त्यांनी नाकारिली नाही.

घरी आले तो बाई पाटावर बसून मटार सोलीत होत्या, दाणे ताटाबाहेर सांडत होते. राव म्हणाले, "ते औषधाचं काम बंद केलं." बाईंनी पुसिले, "कोणी?" राव बहुत वेळ शालीची घडी करीत राहिले. मग म्हणाले, "मी." बाईंनी सांडले दाणे वेचावयास हात घातला. दाणे बोटांतून निसटू लागले, आणि राव खाली बसून वेचू लागले.

येणेप्रमाणे राज्य वाढले. दरबार अद्याप भरतो, मुजरे अखंड घडतात, आणि दर सभेत संस्थापकांचे नाव आदराने घेतात. कंपवाताचे गणित कोठवर आले होते, हे कोणी पुसत नाही.