सुताराची पेटी आणि नमुना क

मुलांना वाचनाची गोडी लागावी म्हणून कारखान्याच्या कामगार-कल्याण खात्याने परिपत्रक काढले, तेव्हा कासारवाडीत ज्योतीराम आणि त्याची मुलगी इंद्रायणी चुलीजवळ वाचत बसली होती. परिपत्रकाची अंमलबजावणी अतिशय कसोशीने झाली. गोडी सुटायला चार महिने लागले.

ज्योतीराम माणदेशातून आलेला. काचेच्या बाटल्या करणाऱ्या त्या कारखान्यात तो भट्टीवर बदली कामगार होता, म्हणजे अजून कायम न झालेला. शाळा दुसरीपर्यंत झाली होती. अक्षरे एकेकटी भेटली तर तो ओळखायचा, घोळक्याने आली की बावरायचा. इंद्रायणी, म्हणजे घरातली इंदी, तिसरीत होती आणि वाचायला लागली की थांबता थांबत नसे. पहिली पाळी सुटली की ज्योतीराम सोपानरावांच्या दुकानातून चहा-साखरेच्या पुड्या घेऊन यायचा. सोपानराव गावचे जुने रहिवासी. पुड्या बांधायला पुण्याहून रद्दीचे गठ्ठे आणायचे. संध्याकाळी छबूबाई भाकऱ्या थापायला बसली की इंदी पुडीचा दोरा सोडी, साखर डब्यात ओती, कागद मांडीवर सपाट करी आणि बापाला वाचून दाखवी. भाकऱ्या होईपर्यंत. म्हणजे पाव तास.

त्या पाव तासात ज्योतीरामाला बरेच जग कळले. एका संस्थानिकाच्या आजारी हत्तीला किती मण एरंडेल पाजले, ते कळले. मूळव्याधीचा अक्सीर इलाज कळला. एका खटल्याचा मधला भाग कळला. फिर्याद आणि निकाल बहुधा दुसऱ्या कोणाच्या घरी हळदीबरोबर गेले असावेत. जे कागदावर नसे ते बापलेक मिळून रचत.

एके दिवशी साखरेच्या पुडीवर एक गोष्ट निघाली. एक म्हातारा सुतार होता. त्याने आयुष्यभर एक पेटी कोणाला उघडू दिली नाही. शेवटी नातीने हट्ट धरला, तेव्हा त्याने कमरेची किल्ली काढली, झाकण वर उचलले, तर आत... आणि इथे कागद फाटला होता.

"भाकरी असंल," ज्योतीराम म्हणाला. आठ तास भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार?

"आत आणिक एक पेटी असंल," इंदी म्हणाली.

"सुताराच्या पेटीत रंधा असतोय," छबूबाई चुलीपासून म्हणाली. "उठा, पानं घ्या."

तेव्हापासून रोजचे वाचन झाले की पेटीत एक नवी वस्तू निघू लागली. मोराचे पीस निघाले, आजीची नथ निघाली, एकदा तर कासारवाडीचे स्टेशन गाडीसकट निघाले. उरलेला कागद सापडलाच तर तो दोघांनी मिळून वाचायचा, एकट्याने बघायचे नाही, असे दोघांचे ठरले होते.

अशा वेळी परिपत्रक आले.

ते काढणारे कल्याण अधिकारी उद्धवराव हे तळमळीचे गृहस्थ होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत बालवाचन मागे राहू नये याची त्यांना इतकी काळजी होती की, तिच्यापायी त्यांना पुण्याला आपल्या मुलांकडे जायला आठवड्यातून एकदाही जमत नसे. परिपत्रकात म्हटले होते : प्रत्येक कामगाराने आपल्या पाल्यास रोज पंधरा मिनिटे वाचून दाखवावे व 'वाचन-पत्रक, नमुना क' भरून खात्याकडे द्यावे. ही योजना सर्वस्वी ऐच्छिक आहे. तीत भाग न घेणाऱ्यांच्या नावापुढे तसा शेरा मारून तो कायम होण्याच्या कागदांना जोडण्यात येईल.

ज्योतीराम दोन वर्षे बदलीवर होता. पण परिपत्रक ऐकून तो घाबरला नाही, उलट खूश झाला. आयुष्यात पहिल्यांदा साहेब लोकांनी सांगायच्या आधीच त्याच्या हातून काही झाले होते. तो कौतुकाने कचेरीत गेला.

"साहेब, आमी तर रोजच वाचतो."

"वा!" उद्धवराव म्हणाले. "कोण वाचतं?"

"पोरगी वाचती. मी ऐकतो."

उद्धवरावांनी चष्मा काढला. शेजारच्या टेबलावरचे कारकून आबाजी लिहायचे थांबले.

"हे उलटं झालं," उद्धवराव म्हणाले. "योजना पालकाने पाल्यास वाचून दाखवण्याची आहे. पाल्यानं पालकाला वाचून दाखवलं तर नमुना क मध्ये ते बसणार कुठं?"

"पण वाचून तर झालं न्हवं?"

"झालं, पण उलट दिशेनं. ते धरता येत नाही. बरं, पुस्तक कोणतं वाचता?"

"साखरेची पुडी," ज्योतीराम म्हणाला आणि मग, चुकायला नको म्हणून, "कवा कवा चहाची."

आबाजींनी विचारले, "त्या पुडीवर आवक क्रमांक असतो का?" नसतो असे कळल्यावर त्यांनी पुडी अमान्य साहित्यात टाकली. मान्य साहित्य मात्र येऊन पडले होते. कोपऱ्यात हिरव्या रंगाची मोठी लाकडी पेटी होती. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत 'बालवाचन' असे लिहिले होते आणि कडीला कुलूप होते. पेटी तीन सभासदांच्या समितीसमक्षच उघडायची होती. त्यांतल्या एका सभासदाची बदली झाली होती आणि दुसरा अजून नेमायचा होता. तोवर पुस्तके मिळणार नव्हती. पण आकडे पहिल्या तारखेपासून हवे होते, त्यामुळे वाचन सुरू करायचे होते.

घरी येऊन ज्योतीरामाने पेटीचे सांगितले, तेव्हा इंदीने दोनच प्रश्न विचारले. "कुलूप हाय? आन् आत काय हाय?" त्या रात्री सुताराच्या पेटीचा रंग हिरवा झाला.

आता घरात वाचायला मान्य असा एकच छापील मजकूर होता. तो म्हणजे नमुना क. ज्योतीराम तोच वाचू लागला. चौदा रकाने होते. "पा... ल... का... चे... सं... पू... र्ण..." संपूर्णच्या रफारापाशी त्याला रोज घाम फुटे. इंदीला पुढचा शब्द केव्हाच दिसलेला असे, पण सूचना क्रमांक सातमध्ये 'श्रोत्याने वाचकास मध्ये सांगू नये' असे लिहिले होते. ती ओठ मिटून बसे. चौदाव्या रकान्याशी पोचेतो बरोबर पंधरा मिनिटे होत. मग बाप सही करी, तोवर भाकऱ्या होत आणि पुडीचा कागद चुलीत जाई. पोरीसमोर रोज अडखळायचे ज्योतीरामाच्या जिवावर येई. तिला बापाच्या पलीकडे बघत बसलेली पाहून तर त्याला जास्तच वाईट वाटे. पण कायम व्हायचे होते.

महिन्याभराने त्याची दुसरी पाळी लागली. दुपारी तीन ते रात्री अकरा. इंदी शाळेतून यायच्या आत तो जाई आणि ती झोपल्यावर येई. त्याने कचेरीत जाऊन अडचण सांगितली. ती आणखी चाळीस जणांची होती. उद्धवरावांनी तिच्यावर तीन दिवस विचार करून पुरवणी परिपत्रक काढले. दुसऱ्या पाळीच्या कामगारांनी सहाच्या सुट्टीत वाचन करावे; पाल्यांना फाटकाशी आणावे. मुलांना कारखान्याच्या आत यायला कायद्याने बंदी होती आणि कामगाराला पाळी संपेपर्यंत बाहेर जायला. म्हणून वाचन फाटकातूनच करायचे ठरले.

सहाचा भोंगा झाला की गजांच्या आत चाळीस बाप आणि बाहेर चाळीस पोरे उभी राहू लागली. आबाजी शिट्टी फुंकत. मग चाळीस जण एका सुरात वाचत : "पालकाचे संपूर्ण नाव. खाते. हजेरी क्रमांक. पाल्याशी नाते." सुरुवातीला पोरे हसत. मग ती बापांच्या बरोबरीने म्हणू लागली. मग ती एकटीच म्हणू लागली आणि बाप तेवढ्यात डब्यातली भाकरी खाऊन घेऊ लागले. पण सह्या बापांच्या असल्यामुळे दिशा सुलटी धरण्यात आली.

"पोरगी भेटाया न्यावी लागती," छबूबाई शेजारणीला म्हणाली. "कैद्याला नेत्यात तशी."

एका संध्याकाळी सोपानरावांनी इंदीला दुकानात हाक मारली. रद्दीच्या गठ्ठ्यात त्यांना एक अर्धा कागद सापडला होता. त्याची वरची कड वेडीवाकडी फाटलेली होती.

"तुमच्या सुताराचाच दिसतोय," ते म्हणाले. "मी वाचला न्हाई हां. तुमचा बापलेकींचा करार हाय म्हनं."

इंदीने कागद घडी करून मुठीत धरला. फाटक दुकानापासून दीड मैल होते. दीड मैल तो कागद तिच्या मुठीत होता आणि तिने तो एकदाही उघडला नाही. तिसरीतल्या पोरीला हे किती जड गेले असेल, ते मोठ्यांना सांगून कळायचे नाही.

फाटकावर शिट्टी झाली. नमुना क सुरू झाला. इंदीने गजांतून हात आत घातला आणि म्हणाली, "बाबा, सापडला."

ज्योतीरामाने हात पुढे केला. पण त्याच्या आधी आबाजींचा पोचला.

"हे काय? अमान्य साहित्य? वाचनाच्या वेळेत?"

"आबाजी, एक ओळ बघू द्या," ज्योतीराम म्हणाला. "एकच. पुढचा सगळा कागद तुमी ठेवा."

"मी द्यायला तयार आहे हो. पण आता हा ताब्यात घेतल्यासारखा झाला. अर्ज करा."

ज्योतीरामाने अर्ज केला. तो इंदीनेच लिहिला. त्यात तिने 'विनंती विशेष' हे शब्द घातले आणि एकही चूक केली नाही.

अर्ज वर गेला आणि मुंबईहून मोठे साहेब पाहणीला आले. फाटकापाशी चाळीस पोरे पत्रक धडाधडा म्हणत होती. साहेबांनी कानामागे हात धरून ऐकले आणि विचारले, "मजकूर नेमका कोणता आहे?"

"नागरिकशास्त्र," उद्धवराव म्हणाले.

योजनेचे यश शंभर टक्के भरले. कागदोपत्री एकही दिवस न चुकल्याबद्दल ज्योतीरामाला 'आदर्श वाचक कुटुंबप्रमुख' ठरवण्यात आले. समितीही पुरी झाली होती. साहेबांच्या हस्ते हिरवी पेटी उघडायचा समारंभ ठेवला आणि आदर्श कुटुंबाची म्हणून इंदीला पुढे उभे केले. तिने वेणीला रिबीन बांधली होती. साहेबांनी किल्ली फिरवली, झाकण वर उचलले. इंदी टाचा उंचावून बघू लागली.

आत नमुना क होते. नवे, कोरे, पाच हजार.

"पुस्तकं दुसऱ्या टप्प्यात येतील," उद्धवरावांनी खुलासा केला. "आधी वाचन सिद्ध व्हायला पाहिजे." टाळ्या झाल्या. ज्योतीरामही टाळ्या वाजवत होता. त्याच दिवशी त्याला कायम केल्याचा कागद मिळाला होता. वाजवता वाजवता त्याची नजर पोरीकडे गेली. तिच्या टाचा जमिनीवर टेकल्या होत्या.

आठ दिवसांनी अर्जाचाही निकाल लागला. कल्याण खात्याने कागद परत केला. मात्र आता तो सरळ कागद राहिला नव्हता. आवक क्रमांक, जावक क्रमांक, 'अमान्य' हा शेरा आणि सुटका केल्याची तारीख, हे सगळे त्याच्यावर आले होते. गोल शिक्का आबाजींनी रिकाम्या जागी मारायला पाहिजे होता, पण रिकामी जागा उरली नव्हती. तो जांभळा शिक्का पहिल्या दोन ओळींवर बसला होता आणि शाई अगदी ताजी, चांगली भरपूर होती. त्याच्या खाली एवढेच वाचता येत होते : '...पाहून नात हसली आणि म्हणाली, आजोबा, एवढंच होय?'

संध्याकाळी ज्योतीरामाने कागद मांडीवर सपाट केला. पुन्हा पहिली पाळी लागली होती. चूल पेटली होती. छबूबाईने त्या दिवशी भाकऱ्यांना मुद्दाम उशीर केला.

"इंदे," तो म्हणाला, "शिक्क्याखाली काय असंल गं? काय व्हतं सुताराच्या पेटीत?"

इंदी चिमणीच्या उजेडात नमुना क चे रकाने भरत होती. आता ती सहीची जागा सोडून सगळे आधीच भरून ठेवत असे. तिने मान वर केली नाही.

"फॉर्म असत्याल," ती म्हणाली. "बाबा, हितं सही करा."

ज्योतीरामाने सही केली.

ही हकिगत वाचायला साधारण पंधरा मिनिटे लागतात, म्हणजे तीही नमुना क मध्ये बसते. वाचकाचे नाव घालायला अडचण नाही, ते तुमचेच. श्रोत्याच्या रकान्यात मात्र जरा आठवून लिहा. मघाशी कोणी तरी तुमच्या गुडघ्याशी येऊन काहीतरी विचारत होते आणि तुम्ही "थांब जरा, वाचतोय ना" असे म्हणालात. त्याचे किंवा तिचे नाव तिथे घाला. सही खाली करायची आहे.