बत्तीस तांबे चुना

निवृत्त कारकुनाने एका सकाळी ठरवलं, वाफ्यातली माती तपासून आणायची. एवढंच. (पुरुषमाणसाने ‘एवढंच’ म्हटलं की घरातल्या बाईने पदर खोचून तयार राहावं.)

परसातल्या दोन खाटांएवढ्या त्या वाफ्यात तो तीन वर्षं कोबी लावत होता आणि तीन वर्षं लिंबाएवढे गड्डे काढत होता. शेवटी बायकोने निर्वाणीचं सांगितलं, “अहो, महिन्याभरात रोपं तरारली तर ठीक. नाहीतर मी गवंडी बोलावून फरशी घालणार. धुणं धुवायला मला कधीची जागा हवी आहे.”

पस्तीस वर्षांच्या संसारात त्याच्या एकाही कामाला तिने चांगलं म्हटलं नव्हतं. आता सगळी भिस्त कोबीवर.

बियाण्यांच्या दुकानदाराने माती ओली करून त्यात कागदाची पट्टी बुडवली. “आंबट झालीय, काका. दोन तांबे विझवलेला चुना मिसळा. आठ दिवस थांबा, मग रोपं लावा. आणि पाणी साचत असेल तर थोडा उतार द्या, विटांचा चुरा घाला.”

काकांनी घरी येऊन वहीत लिहिलं, ‘चुना, आठ तांबे’.

विसरले नव्हते. कचेरीची सवय! तिथे दोन टेबलं हवी असली की आठ मागायची. साहेब निम्मी कापणार, त्यांच्यावरचे साहेब उरलेल्यातली निम्मी कापणार, आणि दोन पदरात पडणार. दुसऱ्या दिवशी वही घेऊन ते दुकानात गेले. गादीवर दुकानदाराचे म्हातारे वडील होते. मागणी तोंडाने करायची म्हटल्यावर जीभ आपोआप पुन्हा चौपटीकडे वळली, “बत्तीस तांबे द्या.”

“घर रंगवायला काढलंत वाटतं?” म्हाताऱ्यांनी विचारलं.

“अहो, सगळं नव्यानेच करायचंय,” काका ऐटीत म्हणाले.

पोतं हातगाडीवरून घरी आलं. कापणारे साहेब इथे नाहीत, हे काही काकांच्या लक्षात आलं नाही. सगळा चुना वाफ्यात! वर पडक्या चुलीच्या विटा कुटून त्यांचा चुरा, आणि मोरीकडे उतार.

“काय चाललंय हो?” भिंतीवरून शेजारच्या वहिनींनी विचारलं.

“कोबी!”

तेवढ्यात वारा सुटला. स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो, माझ्या चादरी पांढऱ्या केल्यात! बसवा ती धूळ आधी!”

काकांनी पाणी मारलं. तरी चुना उडेच, म्हणून फळीने धोपटलं. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी आणि धोपटणं. वहिनी रोज विचारायच्या, काका घाम पुसत रोज सांगायचे, “कोबी.”

आठ दिवस झाले. काका रोपं घेऊन बसले आणि खुरपं मारलं. ठण्ण! खुरप्याचं टोक वळलं. पहार आणली, तर ती उडून पायाच्या अंगठ्याशी पडली. मग त्यांनी वाफ्यावर सतरंजी टाकली आणि तिच्यावर वर्तमानपत्र वाचत बसायला सुरुवात केली. (तीन आठवडे! माणूस किती वाचेल?)

महिना भरला. गवंडी आला. त्याने सतरंजी उचलली, टाचेने ठोकलं, वाकून बोटांनी वाजवून पाहिलं.

“ताई, मला कशाला बोलावलंत? फरशी झालीये की! चुना, विटांचा चुरा, वरून पाणी, धोपटणं. उतारसुद्धा बरोबर दिलाय. कुणाचं काम हे?”

बायकोने काकांकडे पाहिलं. काकांनी सतरंजीची घडी घालायला घेतली.

तिने भरलेली बादली ओतली. पाणी सरळ मोरीकडे धावलं, थेंबभर साचलं नाही. तिने पदर खोचला, पहिली चादर आपटली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “बघा हो वहिनी! ह्यांनी स्वतःच्या हाताने केलंय. छान केलंय!”

छान! पस्तीस वर्षांनी! काकांची छाती फुगली. कोबी गेला खड्ड्यात. (खड्डा खणता आला असता तर.)

भिंतीवरून वहिनींनी मान उंच करून नीट पाहिलं. मग आर्जवाने म्हणाल्या,

“काका, आमच्या न्हाणीघरासमोरही जरा कोबी लावून द्याल का?”