कपाळावर दोन बोटं

लॉन्ड्रीच्या नव्या मॅनेजरसाहेबांनी खुणांच्या भाषेचा तीन आठवड्यांचा कोर्स केला होता आणि सर्टिफिकेट लॅमिनेट करून टेबलामागे लावलं होतं. शनिवारी मालकीणबाई येणार, साहेबांना कामगारांशी बोलता येतं का ते पाहणार आणि मगच नोकरी कायम करणार, असं ठरलं होतं.

पण साहेब हात हलवू लागले, की सातही बहिरे कामगार डास मारणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं सहानुभूतीनं पाहत राहत. सातजण सात घरांतून आपापल्या घरच्या खुणा घेऊन आले होते आणि बारा वर्षांत मशिनींच्या वाफेत त्यांनी त्या खुणांची एक भाषा शिजवली होती. ती कुठल्याच कोर्सात नव्हती.

पहिल्याच दिवशी साहेबांनी चाळीस पांढऱ्या चादरींत एक लाल पडदा टाकला. काचेतून गुलाबी फेस दिसला. साहेबांनी कपाळावर हात मारला, चष्मा उडाला, तो त्यांनी छातीशी झेलला. इस्त्रीवाल्या मावशीनं धावत येऊन मशीन बंद केली.

दोन दिवसांनी कामगार एकमेकांना तीच खूण करताना दिसले. कपाळावर चापट, छातीशी झेल. आठवड्याभरात झेल गळाला, चापटीची नुसती दोन बोटं उरली.

"मला नाव ठेवलं त्यांनी!" साहेबांनी घरी जाहीर केलं.

"एकच?" बायकोनं विचारलं.

शनिवारी मालकीणबाई आल्या. साहेबांनी ऐटीत सगळ्यांसमोर उभं राहून कपाळावर दोन बोटं टेकवली.

सगळ्या मशिनी बंद झाल्या. मावशीनं इस्त्रीचा प्लग उपटला. कुणीतरी ड्रम उघडला आणि साबणाचं पाणी बाईंच्या चपलांपर्यंत आलं.

"अहो, हे काय चाललंय?" बाई ओरडल्या.

मावशीची लेक काउंटरवर बसायची, तिला दोन्हीकडचं कळायचं. ती धावत आली. "साहेब, कशाला घाबरवता सगळ्यांना? 'घात झाला, मशीन बंद करा' म्हणालात तुम्ही!"

"ते माझं नाव आहे ना?"

"छे हो. नाव अजून नाही ठेवलं. तुम्ही टिकताय का, ते बघतायत."

बाई चक्रावल्या. "म्हणजे बारा वर्षांत यांच्याकडे 'घात झाला'ला खूणच नव्हती?"

"नव्हती ना. तशी वेळच आली नव्हती."

लादी पुसून झाली. मशिनी पुन्हा घरघरू लागल्या.

"बाई, सर्टिफिकेट दाखवू?" साहेबांनी हळूच विचारलं.

"कपाळ माझं!" म्हणत बाईंनी कपाळाला बोटं लावली.

सगळ्या मशिनी बंद झाल्या.

"बघा साहेब," लेक कौतुकानं म्हणाली, "बाईंना कोर्स न करताच जमलं."