शुतुरखान्याचा वंश वाढला त्याची हकीकत

श्रीगजवदन सुप्रसन्न असो, आणि ऐकणाराचे कान शाबूत असोत. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सरी, आश्विनमासी वर्तमान जाहले ते ऐसे जे, राज्यात उंटांचा शुतुरखाना थोर, सांडण्या आठ, परंतु तीन वर्षे एक पिल्लू नाही. दसऱ्याचे दरबारी कारभारी त्रिंबकपंत बोलिले, "महाराज, वांझ जनावरे फुकट कडबा खाताती. पुढील दसऱ्यापावेतो फळ न दिसे तर सांडण्या परमुलखी घालवाव्या आणि दारोगास हौदावरील बदकांवर नेमावे." महाराजांनी मान डोलविली, आणि शुतुरखान्याचे दारोगा सुभानजी खराडे दरबारातोन थेट देवळाकडे धावले.

मग सुभानजींनी होम केला, लिंबे उतरली, आणि काहीच न जाहले तेव्हा पशुवैद्यीण गोजराबाई यांस पाचारण केले. बाईंनी सांडण्यांचे डोळे पाहिले, दात पाहिले, आणि पुसिले, "हिरवा पाला केव्हा घालिता?" "हिरवा? तो हत्तींस जातो." "आणि नर केव्हा सोडिता?" "वैशाखी. पंत मुहूर्त काढिताती." बाईंनी कपाळास हात लाविला आणि वदल्या, "दारोगा, उंट थंडीत माजावर येतो. त्यास पंचांग वाचता येत नाही."

मग कार्तिकापासोन पाला सुरू जाहला, आणि जीवनसत्त्वांचे चूर्ण गुळाचे गोळ्यांत घालोन चारिले. सुभानजींची लाडकी सांडणी मैना, तिणे पहिला गोळा पाहणीस आलेल्या पंतांचे पगडीवर थुंकिला. मग पौषमासी नर सोडिला, आणि बाईंनी संप्रेरकाची सुई टोचली. म्हणाल्या, "सांडणीचे अंडे नराचे संगाखेरीज सुटत नाही. ते नेमके वेळेस सुटावे, यास्तव ही सुई." सुभानजींस अर्धे समजले, परंतु लाजोन पुन्हा पुसिले नाही.

पुढे दसरा आला आणि पिल्लू नाही. पंत हर्षले. बाई बोलिल्या, "महाराज, सांडणी तेरा महिने भार वाहते. पुरावा पाहावा, नर समोरोन फिरवावा. गाभण असेल ती शेपूट उभारील." मग दरबारापुढे सांडण्या उभ्या करोन नर फिरविला, आणि एक सांडणी, मग दुसरी, ऐशा सात शेपट्या निशाणांसारख्या उभ्या राहिल्या. महाराजांस वाटले, मुजरा होतो. उठोन उलट मुजरा केला, आणि सारा दरबार लवला. पंतही लवले. परंतु मैनेची शेपूट खालीच राहिली, आणि सुभानजींनी मान फिरविली.

माघमासी सात पिल्ले जाहली. महाराज संतोषोन बोलिले, "सुभानजी, काय हवे ते मागा." पंत मध्येच वदले, "तत्पूर्वी ती आठवी सांडणी घालवावी." सुभानजी पुढे जाहले आणि बोलिले, "महाराज, मैना ठेवा. आम्हां नवराबायकोसही लेकरू नाही. आम्हांस कोणी गावाबाहेर घालविले नाही." महाराज पंतांकडे पाहोन बोलिले, "बदकांवर कोणी नेमिले आहे काय?"

येणेप्रमाणे पंत हौदावर गेले, बाईंस मानाची वस्त्रे मिळाली, आणि मैना सुभानजींचे पदरी राहिली. उंटाचा वंश हिरव्या पाल्याने, थंडीने व बाईंचे सुईने वाढतो, मुहूर्ताने वाढत नाही, हे त्या राज्यात सर्वांस ठाऊक जाहले. हकीकत पुरी.