बारा अक्षरांची हजेरी

"आजोबा, टीव्हीच्या पाठीवर पत्ता नाहीये. नुसती धूळ आहे."

"पाठीवर नसेल, तर पोटात असेल. रिमोट आण."

घरातल्या झाडून साऱ्या यंत्रांची हजेरी घ्यायची, असा निवृत्त मास्तरांनी त्या दुपारी चंग बांधला होता. चार वाजता सूनबाईची संगणकावरून मुलाखत होती. मुलांच्या पुस्तकांची पानं मांडायची नोकरी. चार वर्षं घरी काढल्यावर पहिल्यांदा चालून आलेली. काल मैत्रिणीबरोबर सराव करताना तिचं चित्र सारखं गोठत होतं, तोंड उघडं आणि शब्द गायब. मास्तरांनी तिथल्या तिथे निदान केलं होतं: आपलं नेट परके लोक ओढताहेत! वायफायचा पासवर्ड अर्ध्या जिन्याला पाठ होता. तो पाठ करून घेणारे खुद्द मास्तरच होते, पण निदानात त्याचा उल्लेख नव्हता.

उपाय सोपा होता. राउटरला यादी द्यायची. यादीत ज्याचा पत्ता असेल त्याला प्रवेश, बाकीचे बाहेर.

"पण टीव्हीचा पत्ता आपलाच ना? तिसरा मजला?" नऊ वर्षांच्या नातीने विचारलं. ती एका जागी बसत नसे म्हणून घरात तिला खारूताई म्हणत.

"तो घराचा झाला. घर बदललं की बदलेल. हा पत्ता यंत्राला कारखान्यातच मिळतो. मॅक ॲड्रेस म्हणतात. बारा अक्षरं असतात. शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ, बस, एवढ्यातूनच."

"म्हणजे अंगठ्याच्या ठशासारखं?"

"शाबास! माझ्या डोक्यातही इतकं सोपं आलं नव्हतं."

टीव्हीचा पत्ता सेटिंगमध्ये सापडला. प्रिंटरचा त्याच्या बुडाखालच्या कागदावर होता. प्रिंटर उलटा धरल्यामुळे थोडी शाई मास्तरांच्या सदऱ्यावरही सापडली. मग आजींच्या फोनची पाळी आली.

"अहो, काय चाळताय त्यात?"

"फोनची माहिती बघतोय."

"मला विचारा की! बॅटरी टिकत नाही आणि तुमचा आवाज फार मोठा येतो."

फोन मात्र लबाड निघाले. नव्या ठिकाणी गेले की खरा पत्ता लपवून भलताच सांगायची त्यांना खोड असते. मास्तरांनी सेटिंगमधून ती खोड मोडली आणि खरे पत्ते वहीत उतरवले.

शेवटी राहिला सूनबाईचा लॅपटॉप. ती न्हायला गेलेली असताना मास्तरांनी काळ्या चौकटीत एक आज्ञा लिहिली. पडदाभर ओळी कोसळल्या.

"आजोबा, हा बघा पत्ता! आणि खाली अजून एक आहे."

"एका यंत्राला दोन कसे असतील? पहिलाच घे. उगाच फाटे फोडू नकोस."

चारला वीस मिनिटं असताना मास्तरांनी आपल्या फोनवरून यादी भरली, राउटरच्या सेटिंगचा पासवर्डही बदलून चांगला लांबलचक केला आणि बटण दाबलं.

लगेच वरच्या मजल्यावरून आरोळी आली, "नेट गेलं का हो?" खालून शिंपीकाका ओरडले, "गेलं, गेलं!" समोरच्या दारातून कुणीतरी नुसतंच "अरे!" म्हणालं.

मास्तरांनी वही मिटली. "ऐकलंस? चोर स्वतःच हजेरी देताहेत."

"बाबा," आतल्या खोलीतून सूनबाईचा आवाज आला, "नेट गेलं का?"

मास्तरांच्या चेहऱ्यावरचा रंग शाईच्या डागात उतरला.

त्यांनी घाईघाईने फोन उघडला. नवा पासवर्ड एकदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला, तिसऱ्यांदा राउटरने बजावलं: पंधरा मिनिटं थांबा. आयुष्यभर मुलांना वर्गाबाहेर उभं करणाऱ्या मास्तरांना एका डबीने बाहेर उभं केलं.

"बाबा, सात मिनिटं राहिलीत!" सूनबाई रडकुंडीला आली होती. "मोबाइलला इथे धड रेंज नाही, आणि माझी सगळी पानं लॅपटॉपवरच आहेत."

"पण तुझं नाव यादीत आहे गं! हे बघ." त्यांनी वही पुढे केली.

सूनबाईने बारा अक्षरं वाचली, लॅपटॉपवर पडताळली आणि कपाळावर हात मारला. "हा वायरचा पत्ता आहे, बाबा. वायफायचा वेगळा असतो. तो खालचा."

मास्तरांनी खारूताईकडे पाहिलं. "तू बरोबर होतीस. फाटे मीच फोडले." मग एकदम त्यांचे डोळे चमकले. "अगं, पण वायरला प्रवेश आहे ना? मग वायर लाव!"

वायर सापडली, पण दीड हाताचीच. राउटर दाराजवळ, चपलांच्या कपाटावर भिंतीला टांगलेला. टेबल तिथे मावेना, खुर्ची पुरेना. चारला एक मिनिट असताना मास्तर कपाटाला पाठ लावून उभे राहिले आणि त्यांनी उघडा लॅपटॉप पाटीसारखा छातीशी धरला. समोर सूनबाई उभी राहिली. नेट आलं.

मुलाखत घेणाऱ्या बाई प्रसन्न होत्या. सूनबाईने हात पुढे करून एकेक पान दाखवलं. कळ दाबली की मास्तर किंचित डुलत. चित्र मात्र एकदाही गोठलं नाही. वीस मिनिटांनी मास्तरांचे दंड थरथरू लागले.

"एक शेवटचं," बाई म्हणाल्या. "समजा, तुमच्या वरिष्ठांनी चांगल्या हेतूनेच काही केलं आणि त्यामुळे ऐनवेळी तुमचंच काम अडलं. काय कराल?"

सूनबाईची नजर पडद्यावरून सावकाश वर सरकली. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"आधी त्यांना कामाला लावीन," ती म्हणाली. "जे बिघडलं ते निस्तरायला त्यांचेही हात लागले पाहिजेत. दोन्ही."

"रागावणार नाही?"

"रागावीन ना. पण काम संपल्यावर."

बाई खळखळून हसल्या. "अशीच माणसं हवीत आम्हाला. पहिल्या तारखेपासून या. चला, आपलं काम संपलं."

"थँक्यू, मॅडम," असं म्हणत सूनबाईने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. तेवढ्यात पडद्यामागून काकुळतीला आलेला आवाज आला,

"बाई, अजून दोन-चार प्रश्न विचारा की! एवढी घाई काय आहे?"